उपाशी पट्टी

१४ मे १९६८, मंगळवार

आमच्या विभागाच्या किटरेजसाहेबांनी एक काम गळ्यात मारलं आहे. कॉलेजला यंदा शंभर वर्षं होतात, सप्टेंबरात सोहळा आहे, त्याची पुस्तिका निघणार, आणि तीत प्रयोगाच्या जुन्या शेतपट्ट्यांवर चार पानं मी लिहायची. "एकवीस वर्षं तुम्ही सांभाळताय, त्याआधी चाळीस वर्षं तुमचे वडील. दुसरं कोण लिहिणार, आर्विड?" म्हटलं, साहेब, मला लिहायची सवय नाही. तर म्हणाले, रोज घरी थोडं खरडत जा, हात वळेल. म्हणून ही वही. आता कॉलेज म्हणायचं नाही, विद्यापीठ म्हणायचं. पाट्या बदलल्या, चिखल तोच आहे.

आज तिन्ही पट्ट्यांत मका पेरला. प्रत्येकी पाव एकर. पहिलीला खतही मिळतं आणि पिकांची फेरपालटही. दुसरीला नुसतं खत. तिसरीला १८८९ सालापासून काही म्हणजे काही नाही. दर वर्षी मका, मूठभर खत नाही, एका वर्षाची विश्रांती नाही. कागदावर ती पट्टी क्रमांक तीन, आमच्या घरात उपाशी पट्टी. ती उपाशी आहे म्हणून तर बाकीच्यांना खाऊ घातल्याचा उपयोग किती ते कळतं. तशी दुसरी जागा या राज्यात नाही.

वडील, आमचे पा, येऊन बांधावर उभे राहिले. त्र्याऐंशी वर्षांचे झाले. वार आठवत नाही, पण पट्टीपाशी येताना टबात बूट धुवायचे विसरत नाहीत. दुसऱ्या पट्टीची माती तिसरीत जाऊ नये, हा नियम त्यांचाच.

३ जून

माझी बायको व्हर्ना कुरकुरते आहे. पांच्या कोटाला वास येतो म्हणे. मी म्हटलं, म्हातारं माणूस, वास यायचाच. "हा माणसाचा वास नाही," ती म्हणाली. "पहाटे पाचला कुठे जातात, विचारलंस कधी?"

फिरायला जातात. आणखी कुठे जाणार?

रात्री जेवताना पा पट्टीबद्दल काहीतरी सांगू लागले. माझ्यासमोर पुस्तिकेचे कागद पसरलेले. म्हटलं, पा, उद्या.

१९ जून

पहिलं पान झालं. कॉलेजच्या मेंढवाड्यात जाऊन तिथल्या क्लेमेंट ब्लूस्टोनला वाचून दाखवलं, कारण तो मोठ्याने हसतो तिथे काहीतरी चुकलेलं असतं. "१८६२ च्या कायद्याने सरकारने कॉलेजला नव्वद हजार एकर जमीन मोफत दिली आणि ती विकून पहिली इमारत उभी राहिली."

तो मेंढीचे खूर छाटत होता. हसला नाही.

"मोफत? कुणाच्या घरातून मोफत?"

"तसं लिहिलंय जुन्या कागदांत."

"लिहिलं असेल. माझ्या पणजोबाला वाचता येत नव्हतं, नाहीतर त्यानेही चार ओळी लिहिल्या असत्या." मग मेंढीला थोपटून म्हणाला, "ही नव्वद हजार एकरांवर चरायला गेली असती, तर खूर आपोआप झिजले असते, काय?"

क्लेमेंट डकोटा आहे, ही जमीन मुळात ज्यांची होती त्या इंडियन लोकांतला. एकवीस वर्षं शेजारी काम करतो, आणि हे वाक्य मी त्याच्यासमोर वाचलं. संध्याकाळी साहेबांना विचारलं, मोफत हा शब्द काढू का. म्हणाले, "आर्विड, ही सणाची पुस्तिका आहे. सणाला कुणी घरातलं जुनं भांडण काढतं का?"

शब्द राहिला आहे. मला बरं वाटत नाही.

४ जुलै

आमच्याकडे म्हण आहे, चार जुलैला मका गुडघाभर. पहिली पट्टी मांडीपर्यंत आहे. उपाशी पट्टीचा मका दर वर्षी या दिवशी नडगीच्या मध्यावर असतो, पिवळट, आजारी पोरासारखा. आज तिच्या पूर्वेच्या टोकाला माझ्या गुडघ्याच्या वर आला. गडद हिरवा. बैठकीच्या खोलीएवढा तुकडा असेल, पुढे मग नेहमीचा पिवळा.

साहेब सुट्टीच्या दिवशी धावत आले. गेल्या वर्षी या पट्टीचं उत्पन्न एकरी सत्तावीस बुशेलवरून चौतीसवर गेलं, तेव्हापासून ते हवेत आहेत. त्यावर त्यांनी लेख लिहिला, छापूनही आला. माती फार काळ उपाशी राहिली की स्वतःला सावरायला शिकते, असं त्यांचं म्हणणं. "पाहिलंत? सावरतेय ती!" वय अडतीस. लहान पोरासारखा आनंद झाला होता त्यांना, म्हणून मी मान हलवली. पण टोकालाच का सावरते?

व्हर्नाने रुबार्बची गोड पाई भाजली होती. पांनी तीन तुकडे खाल्ले आणि चौथा रुमालात बांधून घेतला. कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, "आहे एक." व्हर्ना माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कुत्र्यासाठी.

२८ जुलै

हिरवा तुकडा वाढतो आहे. बियाणं तपासलं, तेच आहे. पाण्याचा निचरा तपासला. मग वाटलं, कॉलेजची पोरं. वसतिगृहात जाऊन दोघांना फैलावर घेतलं. त्यांतला एक रडकुंडीला आला. पट्टी कुठे आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

पांना विचारलं, तुमच्या काळात असं कधी झालं होतं का? ते माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की वाटलं, आता काहीतरी सांगतील. तेवढ्यात फोन वाजला.

११ ऑगस्ट, रविवार

आज कळलं.

चर्चहून येताना मेंढवाड्यात गेलो. म्हटलं, क्लेमेंट, खरं सांग, तुझ्या मेंढ्या सुटतात का? पट्टीत मला लेंड्या सापडल्या.

तो आधी हसला. "मेंढ्या नाही सुटत. तुझा बाप सुटतो."

"काय म्हणालास?"

"रोज पहाटे येतो बादली घेऊन. लेंडीखत नेतो. तिसरं वर्ष चालू आहे." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "मला वाटलं, तुला माहीत आहे. तूच पाठवतोस असं वाटलं. घरी परसबाग असेल."

"आमच्याकडे परसबाग नाही."

"मला काय ठाऊक? एकवीस वर्षांत तू मला घरी बोलावलंस कधी?"

ते खरंच आहे. मी तिथेच पेंढीवर बसलो. ज्या माणसाने चाळीस वर्षं त्या पट्टीवर साधा तंबाखूही झाडू दिला नाही, तो.

१२ ऑगस्ट

पाच वाजता मागोमाग गेलो. पा बादली घेऊन चालले होते, दर वीस पावलांवर थांबत. टबापाशी बादली खाली ठेवून बूट धुतले. नीट, दोन्ही तळवे. मग बादली उचलून उपाशी पट्टीत शिरले आणि मक्याच्या ओळींतून मूठमूठ खत टाकू लागले, कोंबड्यांना दाणे टाकतात तसं. "खा गं. सावकाश खा. पुष्कळ आहे."

"पा, काय करताय हे?"

ते दचकले नाहीत. "आलास? मला वाटलं होतं, तू आधीच येशील. मी एकटा कुठवर पुरणार?"

"पा, हा प्रयोग आहे. एकोणऐंशी वर्षांचा. नियम तुम्हीच केलेत!"

"नियम माझा नव्हता. पगार माझा होता." बादली पालथी करून ते तिच्यावर बसले. "चाळीस वर्षं तिला माझ्या डोळ्यांदेखत उपाशी ठेवलं, आर्विड. शेजारच्या दोघी पोटभर जेवायच्या. दर वसंतात वाटायचं, एक मूठ टाकू, कोण बघतंय. नाही टाकली. माझ्या आईने मला सांगितलं होतं, जमिनीला उपाशी ठेवणारा माणूस वाईट मरतो. तुझ्या आईला म्हणायचो मी हे. ती म्हणायची, निवृत्त झालात की घाला. मग तू आलास. म्हटलं, पोराचं काम बिघडवायचं नाही. मग ती गेली."

आई पासष्टच्या हिवाळ्यात गेली. म्हणजे सहासष्टपासून. तीन हंगाम.

मी ओरडलो. बापावर ओरडलो, बांधावर उभा राहून. ते फक्त म्हणाले, "तू लहानपणी फार दयाळू होतास रे."

बादली मी काढून घेतली. घरी व्हर्ना म्हणाली, "आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलतं कोण? त्यांनी मातीशी बोलावं नाही तर काय?" मी रोज त्यांच्याबरोबर जेवतो. एका टेबलावर बसतो. हिचं काहीतरीच असतं.

२० ऑगस्ट

पुस्तिकेसाठी जुन्या नोंदवह्या काढल्या. पांचं अक्षर आखीव. एक नोंद सापडली:

"१२ जुलै १९२५. पट्टी ३. मुलाने वायव्य कोपऱ्यात लघवी केली, अंदाजे एक पाइंट. मुलाला शिक्षा केली. परिणाम दिसल्यास नोंदवावा."

मुलगा म्हणजे मी, नऊ वर्षांचा. शिक्षा चांगली आठवते. खाली तीन वर्षं ओळीने लिहिलंय: परिणाम नाही. परिणाम नाही. परिणाम नाही. मी एकटाच हसत बसलो, आणि मग ती नोंद पुन्हा वाचली. या माणसाने स्वतःच्या पोराचं मूतसुद्धा लपवलं नाही, आणि मी आता काय करणार आहे? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

३० ऑगस्ट

सगळं सांगायचं ठरवून साहेबांकडे गेलो. दारातच म्हणाले, "बरं झालं आलात, डोळे मिटा." उघडले तर टेबलावर पितळी पाटी, पांच्या नावाची. सिव्हर्ट होव्हलँड पट्टी. खाली लहान अक्षरांत: चाळीस वर्षांच्या निष्कलंक राखणीबद्दल.

"सोहळ्यात त्यांच्याच हातून लावू. आवडलं?"

मी म्हणालो, छान आहे. आणि परत आलो. भित्रा कुठला.

२१ सप्टेंबर, शनिवार

सोहळा झाला. बँड, झेंडे, गव्हर्नरांचा प्रतिनिधी, सफरचंदाचा रस. पुस्तिका वाटल्या. क्लेमेंटने आपली घडी करून खिशात घातली, उघडली नाही.

पांना निळा कोट घातला होता. पाटीवरचं कापड त्यांनी ओढलं, लोक उभे राहिले. दोन शब्द बोला, असं साहेब म्हणाले. मी उठून अडवायला हवं होतं.

पांनी मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरला. "तुम्ही सगळे तिच्यासाठी आलात, फार बरं वाटलं. मी तिचे फार हाल केले. पण आता काळजी करू नका. मी तिला रोज भरवतो. तीन वर्षं झाली. पोराने बादली काढून घेतली, पण मी खिशातून नेतो." आणि निळ्या कोटाच्या खिशातून त्यांनी मूठभर लेंड्या काढून दाखवल्या.

मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. प्रेमानेच हसले. म्हातारा गंमत करतोय! टाळ्या थांबेनात. साहेबही हसत होते. पा एकेका चेहऱ्याकडे बघत होते, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की तू तरी सांग यांना. मी बुटांकडे बघत बसलो. बापाने एवढ्या लोकांसमोर खरं सांगितलं आणि मी त्याला वेडा ठरू दिलं. याची लाज मला जन्मभर पुरेल.

१६ ऑक्टोबर

उपाशी पट्टीचा मका तोडला. एकरी एक्केचाळीस बुशेल. आकडा घेऊन साहेबांकडे गेलो आणि आकड्याच्या आधी बाकीचं सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मी, माझी बायको, मेंढवाड्यातला क्लेमेंट. आणि सोहळ्याला आलेले आठशे लोक."

"त्यांनी विश्वास नाही ठेवला." मग हळूच, "आर्विड, माझा लेख छापून झालाय. तुमच्या वडिलांचं नाव पाटीवर लागलंय. तुम्हाला ते निष्कलंक हवेत की नकोत?"

इकडे आड, तिकडे विहीर. नोंद लिहायला थोडा वेळ मागून घेतला. खोटं कशाला बोलू, पा जिवंत असेपर्यंत माझ्याने ते लिहवणार नाही.

१९ नोव्हेंबर

पा परवा पहाटे गेले. न्यूमोनिया.

शेवटचे चार दिवस एकच विचारायचे, "तिचं जेवण झालं?" नर्सला वाटलं, व्हर्नाबद्दल विचारतात. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. ते डोळे मिटायचे, आणि पुन्हा उघडले की पुन्हा तेच. शेवटच्या वेळी मी हो म्हटल्यावर माझा हात हातात घेऊन त्यांनी तळव्याचा वास घेतला. मग हात सोडून दिला.

आज दफन झालं. जमीन वरून गोठलेली होती. क्लेमेंट आला होता. पहिल्यांदाच आमच्या घरी आला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. "मी विचारायला हवं होतं त्याला, कुठे नेतोस म्हणून," तो म्हणाला. व्हर्नाने त्याला कॉफी दिली. मला रडू येत नाही. बत्तीस वर्षांत व्हर्नाने मला रडताना पाहिलेलं नाही, यावर ती चिडते.

९ डिसेंबर

लिहिलं. नोंदवहीत, शाईने, पांनी आखून दिलेल्या रकान्यांतच:

"पट्टी ३. १९६६, ६७, ६८. सिव्हर्ट होव्हलँड यांनी मेंढ्यांचं लेंडीखत टाकलं, एप्रिल ते सप्टेंबर, रोज अंदाजे एक बादली, पूर्वेच्या टोकापासून. या तीन वर्षांचे आकडे धरू नयेत. यानंतर ही पट्टी बिनखताची म्हणून धरू नये."

शेवटचं वाक्य लिहायला एक तास लागला. एकोणऐंशी वर्षं त्या एका वाक्यात गेली. प्रत काढून साहेबांना दिली, दुसरी जिथे त्यांचा लेख छापला त्या नियतकालिकाला टपालाने पाठवली. साहेब म्हणाले, "तुम्ही मला बुडवलंत, आणि बापालाही." वाईट मलाही वाटतं. त्यांच्याबद्दलही वाटतं.

११ फेब्रुवारी १९६९

विद्यापीठाच्या नियामक मंडळाचं पत्र आलं. पट्टी क्रमांक तीनला आता शास्त्रीय मूल्य नाही. उन्हाळ्याआधी तिथे आणि शेजारच्या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या करायला तळ होणार, एकशे दहा गाड्यांचा. पहिल्या दोन राहतील. तिसरीवाचून त्यांना अर्थ काय, हे मंडळाला विचारायला मी गेलो होतो. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक. चहा दिला त्यांनी.

पितळी पाटी काढली. ती मागितली तर म्हणाले, सरकारी मालमत्ता आहे.

आणि हे माझ्यामुळे झालं, यात शंका नाही. मी गप्प बसलो असतो तर पट्टी वाचली असती. खोटी, पण वाचली असती. पा असते तर म्हणाले असते, बरोबर केलंस. की म्हणाले असते, तिला भरवत का नाही राहिलास? आता मला त्यांचा आवाजच नीट आठवत नाही. एवढी वर्षं एका टेबलावर बसून ते काय काय बोलले, त्यातलं फारसं आठवत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नोंदवही गुरुवारी वर ग्रंथालयात जमा करून घेतली. सोमवारी सकाळी सातला रोलर येणार.

आज सकाळी मेंढवाड्यात गेलो. क्लेमेंटला म्हटलं, खताची गाडी जोड.

"कुठे न्यायची?"

सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "आर्विड, परवा तिथे खडी पडतेय. वर डांबर. खत घालून उगवणार काय, फोर्ड?"

"काही उगवायचं नाही."

"मग?"

तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो, उभ्याउभ्या, त्याच्या मेंढ्यांसमोर, लहान पोरासारखा हुंदके देऊन. त्याने पाठीवर हातही ठेवला नाही. ट्रॅक्टर सुरू करून गाडी जोडली, आणि मी बाहेर आलो तेव्हा तो दुसरं फावडं माझ्यासाठी काढत होता.

पूर्वेच्या टोकाला पांनी तीन वर्षांत जेवढं भरवलं होतं, तेवढा भाग अजून वेगळा दिसतो. माती काळसर, पायाखाली मऊ. बाकी सगळी राखेसारखी. क्लेमेंट म्हणाला, "तिकडचं झालंय. इकडून सुरू करू." पश्चिमेकडून सुरू केलं. मी फावड्याने पसरत होतो, मग फावडं टाकलं आणि हाताने टाकू लागलो. साडेबारा वाजले. वाटेने जाणारी दोन पोरं नाक दाबून हसत गेली.

नोंदवही आता माझ्या हातात नाही, म्हणून इथे लिहितो. पट्टी ३. २६ एप्रिल १९६९. लेंडीखत, दोन गाड्या भरून, सगळीकडे सारखं. जेवण झालं, पा.